साठीनंतरचा पॉवर पॉप सोलो अल्बम: पट्टी, गिटारी आणि एमिट ऱ्होड्सचं उदाहरण

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. विचारणारे न्यू जर्सीत राहतात, स्वतः गिटार वाजवतात. त्यांचे एक अमेरिकन स्नेही, वय ६६, १९७९ ते १९८२ या काळात एका पॉवर पॉप (बीटल्सच्या वळणाचं, चालदार गिटार-रॉक) बँडचे गायक आणि गिटारवादक होते. बँड मोडला, मागे दोन सिंगल्स (एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या) राहिल्या. घरात टेपची चार रिळं आणि चौदा कॅसेट पडून आहेत. आता त्यांना पहिला सोलो अल्बम करायचाय. तीन डेमो झाले, पण आवाज ताणल्यासारखा येतो आणि गाणी त्यांच्याच जुन्या बँडची नक्कल वाटतात. अमेरिकन गायक-गीतकार एमिट ऱ्होड्सला २०१६ मध्ये ४३ वर्षांनी अल्बम जमला तो कसा, आणि त्यातून काय उचलावं, असा प्रश्न आहे.

तुम्ही विचारलंत आवाजाबद्दल, पण मला अडचण कामाच्या वाटणीत दिसते. तुमचे स्नेही गातायत, बाराताऱ्या गिटार वाजवतायत, वरची हार्मनी (मुख्य चालीच्या सोबतीचा आवाज) ही स्वतःच गातायत, आणि सगळं १९८० च्या पट्टीत. विशीत हे एका माणसाला झेपतं. ६६ व्या वर्षी त्याच माणसाकडून फक्त दोन गोष्टी घ्याव्यात, गाणं लिहिणं आणि मुख्य आवाज. बाकीचं ओझं दुसऱ्यांनी उचलायचं. आवाज, पट्टी, मायक्रोफोन या सगळ्याचा विचार त्यानंतर येतो.

काही गोष्टी त्यांना प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय सांगता येणार नाहीत. आवाज वयाने उतरलाय की घशात काही दुखणं आहे? बोटांना संधिवात आहे का? जुन्या गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत? आवाजाचा घोगरेपणा चार आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्या. हे मी प्रत्येक ज्येष्ठ गायकाच्या बाबतीत आधी करून घ्यायला सांगतो.

आता ऱ्होड्स. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नचा हा मुलगा १९७० मध्ये, विशीत, आईवडिलांच्या घराच्या आवारातल्या शेडमध्ये चार ट्रॅकच्या मशीनवर एकटाच अल्बम करत होता. ड्रम्स, बेस, पियानो, गिटार, सगळे आवाज त्याचेच. चाली इतक्या मॅकार्टनीच्या वळणाच्या की लोक त्याला एकट्याचे बीटल्स म्हणत. मग करार आडवा आला. दर सहा महिन्यांना एक, असे तीन वर्षांत सहा अल्बम द्यायचे होते. सगळी वाद्यं स्वतः वाजवणाऱ्या माणसाला एकेका अल्बमला वर्षभर लागायचं. कंपनीने अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला. १९७३ च्या अल्बमनंतर तो गायक म्हणून थांबला आणि रेकॉर्डिंगच्या कामात पडद्यामागे गेला.

२०१६ चा ‘रेनबो एंड्स’ वेगळ्या रीतीने झाला. निर्माता ख्रिस प्राइस वयाने कितीतरी लहान आणि या गाण्यांवरच वाढलेला. वाजवायला जेलीफिश बँडमधले जेसन फॉकनर आणि रॉजर मॅनिंग, विल्को बँडचा नेल्स क्लाइन, जॉन ब्रायन अशी मंडळी. मागच्या आवाजांत गायिका एमी मान आणि सुझाना हॉफ्स. ऱ्होड्सने गाणी लिहिली आणि गायली. आवाज विशीतल्यापेक्षा खाली आणि भरड आहे, विषय घटस्फोट आणि एकटेपणाचे आहेत, पण कॉर्डची वळणं ऐकताच माणूस ओळखू येतो. एकट्याने सगळं करण्याची सवय, जिच्यापायी पहिली कारकीर्द थांबली, तीच इथे सुटलेली आहे. ऱ्होड्स २०२० मध्ये गेला. शेवटचा अल्बम त्याला हातात धरायला मिळाला, याचं मला फार बरं वाटतं.

दुसरा रस्ता निक लो या ब्रिटिश गायक-गीतकाराचा. १९७९ चा त्याचा हिट ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे बाराव्या क्रमांकापर्यंत गेला होता. पुढे त्याच्या एका जुन्या गाण्याचं दुसऱ्याने गायलेलं रूप १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटाच्या अल्बममध्ये आलं, तो अल्बम कोट्यवधींनी खपला आणि निक लो याला रॉयल्टीचा घसघशीत पैसा मिळाला. त्याने तरुण दिसण्याचा प्रयत्नच सोडला. १९९४ च्या ‘द इम्पॉसिबल बर्ड’पासून तो हळू लयीत, मायक्रोफोनजवळ, जवळपास बोलल्यासारखा गाऊ लागला. ती रीत त्याला पुढे अनेक वर्षं पुरली.

तुमच्या स्नेह्यांना यातला कोणता रस्ता? डेमोंचं जे वर्णन तुम्ही केलंय त्यावरून ऱ्होड्सचा. त्यांना अजून वाजत्या गिटारी आणि तीन मिनिटांची कोरसवाली (धृपद पुन्हा पुन्हा येणारी) गाणी हवी आहेत. निक लो याचा रस्ता धरायचा तर गाणीच वेगळी लिहावी लागतील.

सुरुवात पट्टीपासून. सलग तीन दिवस, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, त्यांना सरगम किंवा स्केल न देता गाण्याचा कोरसच शब्दांसकट सलग पाच वेळा म्हणायला सांगा. पहिल्या वेळी लागलेला वरचा सूर मोजू नका, पाचव्या वेळीही न ताणता लागतो तो लिहून ठेवा. ही त्यांची कामाची मर्यादा. कोरसचा सर्वांत वरचा सूर या मर्यादेच्या दोन सेमीटोन (अर्धे सूर) खाली बसवायचा, कारण स्टुडिओत उत्साह असतो, मॉनिटर स्पीकर मोठ्याने वाजत असतो, आणि तिसऱ्या टेकला (गाऊन रेकॉर्ड करण्याच्या फेरीला) घसा थकतो.

समजा जुना कोरस मध्य सीच्या वरच्या ए पर्यंत जातो आणि आजची मर्यादा एफ शार्प आहे. मग वरचा सूर ई वर यायला हवा, म्हणजे पाच सेमीटोन खाली. इथेच बहुतेक जण फसतात. पूर्ण गाणं पाच सेमीटोन उतरवलं की अंतरा तळाशी जातो, शब्द पुटपुटल्यासारखे येतात आणि गाण्यातली ऊर्जा निघून जाते. मी दोन किंवा फार तर तीन सेमीटोन उतरवतो. उरलेलं काम वाटणीने करायचं. कोरसची मूळ चाल वरच्या आवाजाच्या दुसऱ्या गायकाला द्या आणि तुमच्या स्नेह्यांना त्याच्याखालची तिसरी, म्हणजे स्केलमधल्या तिसऱ्या सुराच्या अंतरावरची हार्मनी, गाऊ द्या. मिक्समध्ये खालचा आवाज पुढे ठेवला की ऐकणाऱ्याला चाल पूर्ण मिळते आणि गाणं त्यांचंच राहतं. बीटल्स ऐकून मोठ्या झालेल्या कानांना दोन आवाजांची चाल सवयीची असते, त्यामुळे हे कुठे खटकत नाही.

लय चार ते सहा बीपीएमने (मिनिटाला पडणारे ठोके) कमी चालते. १३८ चं गाणं १३३ ला छान बसतं, १२४ ला बसत नाही, कारण स्नेअर ड्रमवरची अर्ध्या मात्रेची ढकल लंगडी पडते. दम पुरत नसेल तर लय आणखी पाडण्याऐवजी ओळ तोडा. दोन बारची लांब ओळ पहिल्या बारअखेर अर्ध्या मात्रेची जागा ठेवून दोन तुकड्यांत म्हणता येते, आणि त्या जागेत गिटारचं छोटं उत्तर टाकलं की ती जागा मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते.

पट्टी बदलली की गिटारचा प्रश्न येतो. डेमो नक्कल वाटण्याचं निम्मं कारण इथे असेल, असा माझा अंदाज आहे. या संगीताची चमक उघड्या तारांत असते. डी, ए, जी च्या उघड्या कॉर्डमध्ये एखादं बोट उचललं की दुसरा, आणि एखादं जास्तीचं ठेवलं की चौथा सूर झणकतो. गाणं ए मधून, म्हणजे आपल्याकडच्या पांढरी सहामधून, जी मध्ये, पांढरी पाचमध्ये आणलं आणि गिटारवादकाने जी च्या आकारांत वाजवलं, तर त्या झणकणाऱ्या जागाच बदलतात. म्हणून आकार तेच ठेवा आणि पूर्ण गिटार दोन सेमीटोन खाली लावा. नेहमीच्या ०.०१० ते ०.०४६ च्या तारा तेव्हा ढिल्या पडतात, कॉर्ड दाबताना सूर वर सरकतो. ०.०११ ते ०.०४९ चा संच घाला. तारा बदलल्यावर मानेचा बाक आणि ब्रिजचं इंटोनेशन (वरच्या परद्यांवर सूर नेमका लागतो का ते) तपासा, नाहीतर बाराव्या परद्यापुढे सगळं बेसूर वाजेल. मूळ गाणं दुसऱ्या परद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) लावून ई मध्ये वाजत असेल तर काम सोपं आहे, कॅपो काढला की गाणं डी मध्ये आलं.

बाराताऱ्या गिटारबद्दल माझं स्पष्ट मत आहे की ती त्यांच्या हातून काढून घ्या. जोडतारांवर बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरणं या वयातल्या बोटांना शिक्षा आहे. आधीच दुखणाऱ्या सांध्यांना तर जास्तच. त्याऐवजी दोन साध्या गिटारी घ्या. एकीला नेहमीच्या तारा. दुसरीला नॅशव्हिल ट्यूनिंग, म्हणजे जाड चार तारांच्या जागी बाराताऱ्या संचातल्या एक सप्तक वरच्या पातळ तारा, आणि शेवटच्या दोन नेहमीच्याच. दोन्ही गिटारींवर तोच कॉर्ड, तोच स्ट्रोक, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एकत्र ऐकलं की बारा तारांचा भास होतो, आणि वाजवायला कोणतीच जड नाही. नॅशव्हिलची गिटार तुम्ही वाजवा, साधी त्यांना द्या. मिक्समध्ये पातळ गिटार दोन-तीन डेसिबल कमीच ठेवा, नाहीतर ती आवाजातल्या स आणि श शी भांडते. बर्ड्स या बँडच्या रॉजर मॅग्विनच्या गिटारचा तो लांबणारा चमकदार सूर कंप्रेसरने (मोठे-लहान आवाज एका पातळीला आणणाऱ्या यंत्राने) घडवलेला होता, त्यामुळे दोन्ही गिटारींना रेकॉर्ड करतानाच चार-सहा डेसिबल कंप्रेशन द्यायला घाबरू नका.

आवाज रेकॉर्ड करताना सर्वांत मोठी चूक असते महागडा चमकदार कंडेन्सर मायक्रोफोन. वयानुसार स्वरतंतू पातळ होतात, पूर्ण मिटत नाहीत, हवा गळते. कंडेन्सर ती हवा, तोंडातले चटचट आवाज आणि कृत्रिम दात असतील तर स ची शिट्टी, सगळं मोठं करून दाखवतो. शुअर एसएम७बी सारखा डायनॅमिक किंवा रिबन माइक, तोंडापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, किंचित तिरका. कंप्रेशन एकदम आठ डेसिबल देण्यापेक्षा दोन टप्प्यांत तीन-चार, तीन-चार. डी-एसर (स ची धार कमी करणारं साधन) पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये, तीन डेसिबलपर्यंत. त्यापुढे गेलात तर माणूस बोबडा वाटतो.

सत्राची वेळ साधारण सकाळी ११ ते दुपारी २. सकाळी लवकर घसा जड असतो, जेवणानंतर आम्लपित्त वर येतं. सर्दीच्या गोळ्या घशाला कोरडं पाडतात, त्या दिवशी गाऊ नये. ४० मिनिटं गायन, २० मिनिटं विश्रांती, दिवसात एकच गाणं. पूर्ण गाण्याचे तीनच टेक घ्या आणि नंतर ओळीओळींनी निवडा. चौथा टेक तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ असतो, पण शब्दांतला जीव गेलेला असतो. ओळीओळींनी पंच करून, म्हणजे मध्येच थांबवून तुकड्यातुकड्याने, गाऊन घेतलं तर श्वासाची जागा प्रत्येक वेळी वेगळी पडते आणि जोड ऐकू येतात.

तोच आवाज पुन्हा गाऊन वर चढवणं, म्हणजे डबल ट्रॅकिंग, ही या संगीताची खूण. इथे सांभाळा. वयाने सुराचा कंप रुंद आणि संथ होतो. दोन कंप एकमेकांवर पडले की सूर पाण्यावर हलल्यासारखा लागतो, आणि ऐकणारा म्हणतो, आवाज थरथरतोय. अंतऱ्यात एकच आवाज ठेवा. कोरसमध्ये दुसरा आवाज गाऊन घ्यायचाच असेल तर त्यांना सूर लवकर सोडायला सांगा, ओढायला नको, आणि तो ट्रॅक मूळ आवाजाच्या आठ ते दहा डेसिबल खाली ठेवा. तेही जमलं नाही तर एडीटीचा, म्हणजे यंत्राने आवाज दुप्पट करण्याचा, मार्ग आहे. अॅबी रोड स्टुडिओच्या केन टाउनसेंडने १९६६ मध्ये बसवलेली ही युक्ती आज कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये होते. आवाजाची नक्कल २५ ते ३५ मिलिसेकंद मागे सरकवायची, तिचा सूर किंचित हलता ठेवायचा. कंप दोन्हीकडे तोच असल्यामुळे तो भांडत नाही. हार्मनीच्या प्रत्येक ओळीचे दोन-दोन टेक मात्र तरुण गळ्यांकडून घ्या, सरळ सुरात.

ज्या गोष्टीबद्दल कोणी विचारत नाही ती म्हणजे कान. चाळीस वर्षं सिंबल आणि अॅम्प्लिफायरजवळ उभं राहिलेल्या माणसाचे कान बहुधा तीन ते सहा किलोहर्ट्झमध्ये उतरलेले असतात. असा माणूस मिक्समध्ये सतत “अजून चमक” मागतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चमक वाढवत गेलात तर तयार गाणं इतरांच्या कानाला टोचेल. भांडू नका. एक ऑडिओग्राम (श्रवणचाचणी) काढून घ्या, आणि त्यांना आवडतं असं एखादं जुनं गाणं त्याच स्पीकरवर, त्याच पातळीला शेजारी ठेवून तुलना करा. “याच्यापेक्षा कमी वाटतंय का?” या प्रश्नाला त्यांचे कान बरोबर उत्तर देतात, कारण दोन्ही गाणी त्याच कानांतून जातात. गाताना हेडफोनचा एक कान उघडा ठेवला की ते कमी ओढतात.

ड्रम्ससाठी माणूस बोलवा, प्रोग्रॅमिंग नको. किट कोरडं, छोट्या खोलीत, चार माइक पुरे: किक, स्नेअर आणि वर दोन. ड्रमर जरा तरुणच घ्या, सगळे एकाच वयाचे असले की लय हळूहळू बसत जाते.

आता ती रिळं. त्यांतून गाणी मिळतील, पण मशीनवर चढवण्याआधी रीळ दिव्यासमोर धरा. गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर ती अॅसिटेटची आहे, तिला उष्णता देऊ नका. उजेड अडला तर पॉलिएस्टर. १९७० च्या मध्यापासून १९८० च्या दशकात बनलेल्या अनेक टेपांचा, अँपेक्स ४०६ आणि ४५६ या त्यात प्रसिद्ध, वरचा थर धरून ठेवणारा गोंद ओलावा शोषून सुटतो. वाजवताना टेप किंचाळते आणि मशीनच्या हेडवर तपकिरी चिखल साठतो. असं दिसताच थांबा, प्रत्येक फेरीत संगीत खरवडलं जातं. अशी पाव इंची टेप सुमारे ५४ अंश सेल्सिअसला आठ तास, अधूनमधून उलटवून, स्थिर तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये भाजतात. घरातला ओव्हन चालत नाही, त्याचं तापमान वरखाली होतं. थंड झाल्यावर काही आठवड्यांत डिजिटल प्रत काढून घ्यावी लागते. कॅसेटना भाजायची गरज सहसा पडत नाही, फक्त प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन जुळवा. वरचे सूर एकदम उघडतात तिथे थांबायचं.

या डेमोंमधून पूर्ण गाणी उचलू नका असं मी म्हणेन. चाली आणि कॉर्ड घ्या, शब्द नव्याने लिहायला सांगा. शाळेच्या मैदानावर वाट बघणाऱ्या मुलाचे शब्द ६६ व्या वर्षी तोंडात बसत नाहीत, आणि तुमचे डेमो नक्कल वाटण्याचं दुसरं निम्मं कारण बहुधा हेच. चाल तरुण, शब्द आजच्या वयाचे, हे मिश्रण ऱ्होड्सच्या अल्बममध्ये ऐकू येतं.

हक्कांचं थोडक्यात. अमेरिकन कायद्यात १९७८ नंतर स्वतः दिलेले हक्क साधारण ३५ वर्षांनी परत मागता येतात, पण खिडकी पाच वर्षांची असते आणि नोटीस किमान दोन वर्षं आधी द्यावी लागते. १९७९ ते १९८२ च्या करारांसाठी ती खिडकी बहुधा बंद झालेली आहे, वेळेत नोटीस दिली नसेल तर तो मार्ग सोडा. मात्र लहान लेबलांनी पुष्कळदा लेखी हस्तांतरण केलेलंच नसतं, आणि लेखी कागदाशिवाय कॉपीराइट हस्तांतरित होत नाही. जुना कागद शोधून वकिलाला दाखवा. गाण्यांचे हक्क दुसऱ्याकडे निघाले तरी प्रकाशित झालेली दोन गाणी नव्याने रेकॉर्ड करता येतात, सक्तीच्या परवान्याखाली, म्हणजे हक्कदाराला नाकारता न येणाऱ्या, ठरलेल्या दराच्या परवान्याखाली. २०२५ चा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे १२.७ सेंट होता. चाल आणि शब्दांचा गाभा मात्र या परवान्यात बदलता येत नाही. शब्द बदलायचे असतील तर हक्कदाराची परवानगी लागते.

तबकडी काढणार असाल तर दहा गाणी, एकूण ३२ ते ३६ मिनिटं, बाजूला १८ च्या आत. त्याहून लांब बाजूला आवाजाची पातळी पाडावी लागते. तबकडीच्या आतल्या वळणांवर स आणि सिंबल फाटतात, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत निवडा, जोरकस कोरसवालं पहिलं किंवा दुसरं. ३०० प्रतींच्या आधी चाचणी प्रत मागवा आणि ती तीन वेगवेगळ्या टर्नटेबलवर ऐका, त्यांतला एक स्वस्त असू द्या. तिन्हींवर त्याच जागी खरखर आली तर चूक तबकडीचीच आहे, कटिंगची किंवा छपाईची, कारखान्याला कळवून नव्याने करून घ्या. एकाच टर्नटेबलवर आली तर त्या सुईची.

तुमच्या तीन डेमोंपैकी ज्याचा कोरस सर्वांत वर जातो तो आधी घ्या, दोन सेमीटोन उतरवा, वरची चाल दुसऱ्याला द्या आणि नॅशव्हिलची गिटार तुम्ही वाजवा. गाण्याची पट्टी आणि पाच वेळांच्या चाचणीचे आकडे इथे टाकलेत तर अंतऱ्याचं काय करायचं ते नेमकं सांगता येईल.